सातवी ‘ब’ची वाचनतारका

२४ जून २०२४, सोमवार

शाळेतला पहिला दिवस. आलोक सर स्वतः वर येऊन खोली दाखवून गेले. ते प्राचार्य आहेत. ‘हेडमास्तर’ म्हटलेलं त्यांना आवडत नाही, हे मला ऑफिसातल्या बाईंनी आधीच कानात सांगून ठेवलं होतं. दारातूनच म्हणाले, “देखिए विभावरी जी, यही है लाइब्रेरी. जो बन पड़े, कीजिए. बस बालदिवस तक कुछ दिखना चाहिए. नहीं तो ट्रस्ट यहाँ कम्प्यूटर लगवाना चाहता है.”

खोलीत मोडकी बाकं, खेळांच्या स्पर्धेचे झेंडे, कापडात गुंडाळलेली सरस्वती. भिंतीला टेकवून कपाटं, आणि प्रत्येक कपाटाला कुलूप. किल्ल्यांचा जुडगा मिळाला, पण कोणती किल्ली कशाची हे कोणालाच माहीत नाही. दुपारपर्यंत एकेक लावून बघत बसले. उघडलेल्या पहिल्या कपाटातली पुस्तकं हातात घेतली तर पानं एकमेकांना चिकटलेली. नवी कोरी, न उघडताच म्हातारी झालेली.

शाळा या हिंदी मुलखातल्या आपल्या मराठी मंडळींच्या ट्रस्टची, शहरातल्या गोरखपूर बाजाराच्या मागे. मराठी आता फक्त वरच्या फलकावर उरली आहे. मुलं हिंदी, पुस्तकं हिंदी, सहावी ते आठवीचे वर्ग. माझं लायब्ररीचं शिक्षण लग्नानंतर इतकी वर्षं पेटीत पडून होतं. मुलगा अजिंक्य पुण्याला शिकायला गेला आणि घर अंगावर यायला लागलं, म्हणून अर्ज केला.

संध्याकाळी रेल्वेच्या ऑफिसातून आल्या आल्या यांनी, श्रीरंगनी, विचारलं, “काय, जमते काय?”

“जमते,” म्हटलं.

“तुझ्या नाकाला अजून धूळ लागून राहिली.”

मुलं वाचत नाहीत म्हणून जो तो गळा काढतो. मुलांच्या हातात पुस्तक तर द्या! मला खात्री आहे, दार उघडं ठेवलं की मुलं येतील.

६ जुलै, शनिवार

मुलं येतात, पण पुस्तकाला हात लावत नाहीत. सहावीतल्या एकीने कपाटापाशी जाऊन हात मागे बांधले आणि विचारलं, “मैडम, छू सकते हैं?”

भिंतीवर कागदाचं मोठं झाड लावलं आहे. पुस्तक वाचून परत आणलं की एक हिरवं पान, त्यावर आपलं नाव आणि पुस्तकाचं नाव लिहायचं, झाडाला चिकटवायचं. याला ‘वाचनवृक्ष’ म्हणायचं. मुलांना पान चिकटवायची घाई इतकी की सगळ्यात बारीक पुस्तकासाठी भांडणं झाली. होऊ देत. सुरुवात अशीच होते.

१९ जुलै, शुक्रवार

आज एक गोड मुलगी भेटली.

मधल्या सुट्टीत सगळी मुलं मैदानात होती आणि ही दाराशी उभी. सातवी ‘ब’. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. जवळ येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, तुम्ही मराठी हाय ना?”

मी चकितच झाले. नाव अंजनी लांजेवार. आजी भंडाऱ्याकडची होती, तिच्याजवळून मराठी कानावर पडली. “मला बोलता नाही येत बराबर. समजते सगळं.” घर रिछाईकडे, कारखान्यांच्या वस्तीत; आई तिथेच नमकीनच्या कारखान्यात पाकिटं भरते. बाप ट्रकवर असतो.

तिने बराच वेळ पुस्तकं उलटीसुलटी करून पाहिली. नावं नाही बघितली, आतली चित्रं बघितली. शेवटी उंटाचं चित्र असलेलं एक घेतलं. म्हणाली, “हे घरी नेऊ काय?”

नेऊ काय! अगं, त्यासाठीच तर बसले आहे मी इथे.

३ ऑगस्ट, शनिवार

अंजनी रोज येते. रोज एक पुस्तक नेते आणि दुसऱ्या दिवशी परत आणते. झाडावर सगळ्यात जास्त पानं तिची आहेत. पान मात्र ती स्वतः लिहीत नाही, मैत्रीण समृद्धी लिहून देते. “मेरी लिखावट ख़राब है, मैडम. पेड़ ख़राब दिखेगा.” किती विचार करते झाडाचा!

आज तिने उंटाची गोष्ट सांगितली. मी सहज विचारलं होतं, “काय होतं गं त्यात?” तर बाकावर मांडी घालून बसली आणि सुरू झाली. व्यापाऱ्याचा उंट घरी आला तर मालकीण घरात नाही, रुसून माहेरी गेलेली. उंट दारात जो बसला तो उठेना. चारा नको, पाणी नको. मालकाने मारलं, शेजाऱ्यांनी ओढलं. शेवटी मालक स्वतः सासरी गेला आणि बायकोला घेऊन आला. तिची सावली अंगावर पडली तसा उंट उठला. सांगता सांगता अंजनीने उंटासारखी मान अशी वळवली की आठवीतले दोन धटिंगणही हसायचं विसरले.

नंतर मी ते पुस्तक चाळलं. त्यात मालकीण नाहीच. वाळवंटात उंटाला पाण्याशिवाय कसं राहता येतं, एवढंच आहे. पण वाचलेल्यात स्वतःचं घालायचं, याच्याइतकं खरं वाचन दुसरं कोणतं? आलोक सरांना सांगितलं, तर म्हणाले, “वाह, बढ़िया.” मोबाईलमधून डोळे मात्र वर आले नाहीत.

२२ ऑगस्ट, गुरुवार

आज म्हटलं, अंजनी, एक पान मोठ्याने वाचून दाखव, मला तुझा आवाज ऐकायचा आहे. तिने पुस्तक उघडलं आणि डोळे चोळले. “मॅडम, डोळ्यात पाणी येऊन राहिलं.” परवाही तेच झालं होतं. इतकं वाचते, डोळ्यांवर ताण येणारच.

नशिबाने आज शाळेत डोळे तपासायचं शिबिर होतं. तिला हात धरून घेऊन गेले. तपासणाऱ्या डॉक्टरांनी चित्रांचा तक्ता दाखवला, सगळं बरोबर सांगितलं तिने. नंबर नाही, काही नाही. “बच्ची की आँखें एकदम बढ़िया हैं.”

म्हणजे लाजते. मोठ्याने वाचायची भीती असते काही मुलांना. मलाही होती. तिला हळूहळू धीट करायचं.

१४ सप्टेंबर, शनिवार

हिंदी दिवस. आलोक सरांनी वाचनवृक्षाचे फोटो काढले, माझा एक, झाडाचा एक, माझा आणि झाडाचा मिळून एक, आणि ट्रस्टला पाठवले. दुपारी ट्रस्टच्या अध्यक्षांचं उत्तर आलं. दिवाकररावांना फार आवडलं. बालदिवसाला ते स्वतः येणार, नव्या पुस्तकांची पेटी देणार, आणि लायब्ररीचं काय करायचं ते तेव्हाच ठरवणार.

आलोक सर म्हणाले, “एक बच्चा चाहिए जो स्टेज पर दिखे. जो सबसे ज़्यादा पढ़ता हो.”

मला विचारही करावा लागला नाही. नावही तिथेच सुचलं, ‘वाचनतारका’. सोनेरी अक्षरांचा पट्टा करून घ्यायचा.

स्टाफरूममध्ये सांगितलं तर नेहा मॅडमचा चेहरा उतरला. सातवी ‘ब’च्या त्या वर्गशिक्षिका, हिंदी शिकवतात. म्हणाल्या, “अंजनी? और कोई बच्चा ले लीजिए ना. समृद्धि है, अच्छी है.”

“काहून? अंजनीत काय कमी आहे?” हिंदीतून विचारायचं होतं, पण तोंडातून मराठीच निघालं.

“नहीं, कमी कुछ नहीं... शर्माती है थोड़ा.” आणि वह्या तपासायला लागल्या.

स्वतःच्या वर्गातली मुलगी पुढे येते तर आनंद व्हावा! पण इतकी वर्षं हिंदी शिकवून जे झालं नाही ते मी तीन महिन्यांत केलं, हे कोणाला बरं रुचेल.

९ ऑक्टोबर, बुधवार

कार्यक्रम ठरला. दिवाकरराव पेटी उघडणार, पहिलं पुस्तक अंजनीच्या हातात देणार आणि ती त्याचं पहिलं पान सगळ्यांसमोर वाचणार. कल्पना माझी. आधीपासून पाठ करून घेतलेलं भाषण कोणीही म्हणतं. न पाहिलेलं पुस्तक वाचून दाखवलं म्हणजे कोणाला बोलायला जागा नाही.

अंजनीला सांगितलं तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती.

“मॅडम, मी कहाणी सांगू? उंटवाली?”

“गोष्ट नाही, बेटा. वाचायचं आहे.”

“समृद्धीला द्या ना.”

“समृद्धीची पानं कितीशी आहेत झाडावर?”

मग म्हणाली, “ते किताब आधी घरी नेऊ काय? एकच दिवस.”

मी हसले. “मग गंमत काय राहिली?”

तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही, पण गेली मुकाट.

१३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी अंजनी आली, ताप आहे म्हणाली. कपाळाला हात लावला, गार होतं. मी तिला समोर बसवलं आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलले. म्हटलं, तू उद्या उभी राहिली नाहीस तर ही खोली जाईल. ही कपाटं, हे झाड, हे सगळं. मग मधल्या सुट्टीत कुठे बसशील?

रडली थोडी. म्हटलं, शप्पथ घे माझी. घेतली.

पट्टा फार सुंदर झाला आहे. श्रीरंगनी डोळ्यांसमोर धरून वाचला, “वाचनतारका.” म्हणाले, “अन् मुलीला हे शब्द तरी समजते काय? हिंदी शाळा आहे न तुमची?” यांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

लिहू नये असं वाटतंय, तरी लिहिते.

मैदानात मांडव. पुढे पालक, मागे मुलं. दिवाकरराव वेळेवर आले. सत्तरीचे, सौम्य माणूस, मला मराठीत म्हणाले, “तुमचं कौतुक ऐकून आलो.” पेटी उघडली. वरचंच पुस्तक उचलून अंजनीला दिलं. पट्टा तिला मोठा झाला होता, खांद्यावरून सारखा घसरत होता.

माइक तिच्या उंचीला आणला. तिने पुस्तक उघडलं. चित्र होतं विहिरीचं, काठावर एक म्हातारी, हातात बादली. अंजनीने ते चित्र पाहिलं, पाहतच राहिली. मला वाटलं, आता डोळे चोळते. पण नाही. सुरुवात केली.

“एक गाँव में एक बुढ़िया थी. उसकी बेटी शहर में काम करने चली गई. जाते-जाते कुएँ में झुककर उसने आवाज़ दी, अम्मा. फिर चली गई. आवाज़ कुएँ में रह गई. बुढ़िया रोज़ बाल्टी डालती थी. पानी के लिए नहीं. आवाज़ निकालने के लिए. बाल्टी ऊपर आती थी तो कान लगाकर सुनती थी. कभी आधी आती थी, कभी ख़ाली...”

मांडवात कोणी हललं नाही. पुढच्या रांगेतली एक बाई तोंडाला पदर लावून बसली. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते, आणि माझ्या मनात काय होतं ते खरं लिहायचं तर, आलोक सर माझ्याकडे बघताहेत की नाही हे मी बघत होते.

दिवाकररावांनी चष्मा लावला. कौतुकानेच वाकून पानावर बघितलं. मग पान उलटलं, पुन्हा मागचं बघितलं.

“बेटा, ये कहाँ लिखा है? यहाँ तो पानी बचाने की बात है.”

अंजनीने घसरणारा पट्टा पुन्हा खांद्यावर सरकवला.

“अच्छा, कोई बात नहीं. बहुत सुंदर कहानी थी. अब ये पहली लाइन पढ़ो.” त्यांनी बोट ठेवलं. ती त्या बोटाकडे बघत राहिली. त्यांना वाटलं असेल, घाबरली. आणखी मऊ आवाजात म्हणाले, “चलो, पहला अक्षर बताओ. ये कौन-सा है?”

माइक चालू होता. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

मागून सहावीतलं कोणीतरी हसलं. मग हसू पसरत गेलं. अंजनीने पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी त्यांना परत दिलं आणि स्टेजच्या मागच्या बाजूने उतरून गेली.

मी धावत मागे गेले. पाण्याच्या टाकीजवळ सापडली. पट्टा अजून गळ्यात. माझ्या तोंडून निघालं, “एवढे दिवस मला फसवत होतीस?”

“मी कधी बोलली मला वाचता येते? तुम्हीच बोलल्या.”

उलट उत्तर! पट्टा काढून माझ्या हातात दिला आणि गेटकडे चालायला लागली. मी हाक मारली नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. दिवसभर डोकं दुखलं. श्रीरंग चहा करून देत होते आणि विचारत होते, “तू काहून इतकी मनाला लावून घेऊन राहिली? लेकरू आहे.”

लेकरू आहे, पण चार महिने एवढं नाटक! रोज पुस्तक नेणं, आणणं, डोळ्यात पाणी येणं. मी तिच्यासाठी काय नाही केलं? आणि दिवाकररावांसमोर उभं राहायला मला तोंड राहिलं नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

अंजनी आली नाही.

स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबतं. शेवटी मीच नेहा मॅडमसमोर जाऊन बसले. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं?

“पूरी क्लास को पता है, विभा जी. चपरासी को भी पता होगा. आपको सच में नहीं पता था?”

“मग मला सांगितलं का नाही कोणी?”

“कहा तो था, और कोई बच्चा ले लीजिए.”

“साफ सांगायचं.”

त्या वही मिटून माझ्याकडे बघायला लागल्या. दमलेल्या दिसत होत्या. “साफ़ कहूँ तो सवाल मुझ पर ही आएगा न, कि सातवीं तक पहुँची कैसे. पास तो हम ही करते हैं. तीसरी में माँ के साथ दो साल बाहर रही, ईंट-भट्ठे पर. वापस आई तो पुराने स्कूल ने उम्र के हिसाब से पाँचवीं में बैठा दिया. बैठी है तब से.” मग म्हणाल्या, “आपके पास इसलिए आती थी कि आप पूछती नहीं थीं, सुनती थीं. समृद्धि पढ़कर उसे दो लाइन बता देती थी, बाक़ी वो चित्र देखकर ख़ुद... आप इतनी ख़ुश रहती थीं, किसका मन होता कहने का.”

माझ्यावर दया करत होते म्हणजे हे सगळे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

गेला आठवडाभर सातवीच्या मुलांना एकेक करून टेबलाजवळ बोलावलं आणि हळू आवाजात एक परिच्छेद वाचायला लावला. कोणाला ऐकू जाणार नाही असा.

समृद्धी पाण्यासारखी वाचते. आणखीही आहेत तशी. पण निम्म्याअधिक मुलांची अक्षरं काना-मात्रेपाशी अडतात. काही ओठ हलवून अंदाज मारतात. एका मुलाने सरळ सांगितलं, “मैडम, मेरा पत्ता उतार दो पेड़ से.”

आलोक सरांकडे गेले. म्हटलं, लायब्ररीचा तास मला द्या, मी अक्षरओळखीपासून घेते, झाड-बीड राहू दे. ते शांतपणे म्हणाले, “मैडम, आपका काम पढ़ने का शौक़ जगाना है. पढ़ना सिखाना नेहा मैडम का काम है.”

“पण ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यात आवड कुठून...”

“ऐसा मत कहिए किसी के सामने. पढ़ लेते हैं बच्चे, थोड़ा अटकते हैं.” मग खुर्ची पुढे ओढून, “देखिए, आपका कॉन्ट्रैक्ट मार्च तक है. शांति से निकालिए.”

मी म्हणाले, ठीक आहे. बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. आणखी काय म्हणता आलं असतं ते आत्ता लिहिताना सुचतंय.

८ डिसेंबर, रविवार

श्रीरंगना घेऊन रिछाईला गेले. पत्ता समृद्धीने सांगितला होता. कारखान्यांच्या मागे एका ओळीत खोल्या, हवेत तळलेल्या तेलाचा वास. अंजनीच्या आईला सगळे बेबीताई म्हणतात. आम्हाला बघून तिने खाट झटकली, पाणी दिलं.

“तुम्हीच लायब्ररीवाल्या मॅडम? तुमचं नाव रोज निघे घरात.”

मी म्हटलं, अंजनी शाळेत का येत नाही?

“नाही म्हणते. मारलं मी, तरी नाही म्हणते.” बेबीताई माझ्याकडे न बघता बोलत होती. “मी अंगठेवाली, मॅडम. ते संध्याकाळी किताब उघडून बसे अन् मला, छोटीला कहाणी सांगे. मी पोळ्या लाटता लाटता ऐकत राहो. म्हणो, पोरगी शिकून राहिली, आपलं सोनं झालं. मला काय माहीत ते पढते का बनवते. तुम्ही तर पढेलिखे ना? तुम्हालाही नाही समजलं?”

श्रीरंगनी घसा खाकरला.

अंजनी आतल्या खोलीच्या दारात लहान बहिणीला कडेवर घेऊन उभी होती. आता घरी बहिणीला सांभाळते. मी म्हटलं, “अंजनी, मी दर रविवारी येईन. तुला वाचायला शिकवीन. कोणाला सांगणार नाही.” तिने बहिणीला दुसऱ्या कडेवर घेतलं. आईने तिच्या वतीने हो म्हटलं.

परतताना श्रीरंग स्कूटर चालवता चालवता म्हणाले, “तिला विचारलं असतं तर?”

“काय?”

“काही नाही.”

१२ जानेवारी २०२५, रविवार

लायब्ररी गेली. गुरुवारी कपाटं व्हरांड्यात आणून ठेवली, खोलीत कम्प्यूटरची टेबलं लागली. झाड भिंतीवरून ओरबाडून काढलं, त्याबरोबर चुन्याचे पापुद्रे निघाले. मला ऑफिसात परीक्षेच्या कामाला बसवलं आहे. दिवाकररावांनी निरोप पाठवला, ‘प्रयत्न चांगला होता.’

होता.

पण रविवार चुकवत नाही. अंजनी हुशार आहे, अक्षरं पटापट धरते. एकच खोड आहे, ओळीवर बोट ठेवलं की नजर चित्राकडे पळते आणि तिथून अंदाजाने बोलायला लागते. शब्द ‘बकरी’ असतो आणि ही म्हणते ‘मेमना’, म्हणजे कोकरू. मग मी चित्रावर तळहात ठेवते. “चित्र नाही बघायचं. अक्षर बघ.” आज तीन-चारदा माझा हात बाजूला सारायला गेली. मी ठेवूनच धरला.

२ फेब्रुवारी, रविवार

आता सारत नाही. मी हात ठेवायच्या आधी स्वतःच चित्रावर तळहात ठेवते. किती समंजस मुलगी.

बेबीताई आनंदात होती. परवा बाजारात अंजनीने ऑटोवरची पाटी वाचली आणि आईला योग्य ऑटोत बसवलं म्हणे. बेबीताईने कारखान्यातून माझ्यासाठी शेवेचं पाकीट आणून ठेवलं होतं. अंजनीनेच मला त्यावरचं नाव वाचून दाखवलं. अडखळत, पण स्वतःच.

शाळेतली गंमत सांगण्यासारखी आहे. हजेरीत अंजनीचं नाव अजून आहे, आणि महिनाभर ती हजर आहे. नेहा मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, “नाम कटे तो जवाब देना पड़ता है.” मी आता असल्या गोष्टी ऐकून जिन्यात थांबत नाही. जेवायला जाते.

३० मार्च, रविवार

आज पाडवा. सकाळी गच्चीवर गुढी उभारली, शेजारच्या शर्मा वहिनी दरवर्षीसारख्या विचारायला आल्या की साडी काठीला का बांधली. श्रीखंडाचा डबा घेऊन रिछाईला गेले. एकटीच.

शाळेचं माझं काम उद्या संपतं. अंजनी आठवीत गेली आहे. परीक्षेला न बसता. प्रगतिपत्रक मीच आणलं होतं, बेबीताईने ते देवाजवळ ठेवलं. मीही हात जोडले; सणाचा दिवस.

आज पहिल्यांदा अख्खं पुस्तक वाचायचं होतं. मी एक बारीकसं नवं नेलं होतं, खारीचं. दोन खारी अक्रोडासाठी भांडतात, मग वाटून खातात. अंजनी भिंतीला टेकून बसली, डावा तळहात चित्रावर, उजव्या हाताचं बोट ओळीखाली. वाचत गेली. ‘गिलहरी’ला दोनदा अडली, मी सांगितलं नाही, तिसऱ्यांदा तिचं तिलाच आलं. बेबीताई लाटणं हातात तसंच धरून दारात उभी राहिली. शेवटची ओळ आली, “इसलिए मिल-बाँटकर खाना चाहिए.” आणि संपलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या मुलीला पहिलं अक्षर सांगता आलं नव्हतं!

अंजनीने पान उलटलं. मागे कोरंच होतं, खाली छापखान्याचा पत्ता. तो पण तिने वाचला. मग म्हणाली, “बस? इतकंच?”

“हो, संपली गोष्ट.”

तिने पुस्तक उलटसुलट करून बघितलं, जणू काही पडलं असेल कुठे. एवढ्यात छोटी येऊन तिच्या मांडीत बसली आणि पुस्तकावर हात मारून म्हणाली, “दीदी, अब असली वाली सुना.”

अंजनीने पुन्हा पहिलं पान उघडलं. हात बाजूला घेतला. दोन्ही खारी, झाड, मध्ये अक्रोड. बघत राहिली. छोटी तोंडाकडे बघत वाट पाहत होती, बेबीताई पण.

“आता नाही येत,” अंजनी म्हणाली.

“काहून गं?” बेबीताईने विचारलं.

“आता अक्षरंच दिसते.”

मला इतकं समाधान वाटलं म्हणून सांगू! हेच तर हवं होतं. तिच्या पाठीवरून हात फिरवला. बेबीताई मात्र परत चुलीकडे वळली, आणि छोटीने भोकाड पसरलं. श्रीखंड दिलं तरी गप्प होईना.

ऑटोत येताना ऊन फार होतं, डोकं जड झालं. पुढच्या रविवारी जोडाक्षरं घ्यायची आहेत. ती अजून कच्ची आहेत.